चौतीस बायकांचं ‘हो’

माझ्या तोंडाला लगाम नाही, यावर माझ्या सासर-माहेरचं एकमत आहे. लग्नाच्या पंगतीत ‘आमटी खारट झालीय’ म्हणणाऱ्या चुलतसासऱ्यांना ‘तुम्ही वरून मीठ घेताना मी पाहिलंय’ असं मी अंगावरच्या शालूनिशी सांगितलं होतं. दुकानदार, डॉक्टर, नवऱ्याचा बॉस, कुणाचीही भीड मी ठेवली नाही. आणि अशा मला आयुष्यात एकदा एका बाईला एक साधं वाक्य सांगायचं होतं, तर ते माझ्याच्यानं दोन महिने बोलवलं नाही. त्यापायी तिची निवडणूक गेली.

साल २००४. टेक्सासमध्ये, डॅलसला चिकटून असलेल्या एका गावात आम्ही राहायचो. नवरा आयटीत, मी त्याच्या व्हिसावर आलेली. म्हणजे मला राहायची परवानगी होती, नोकरी करायची नव्हती. दोन वर्षांची मुलगी होती. गाडी एकच, ती सकाळी नवरा घेऊन जायचा, आणि तशीही मला कुठे ड्राइव्ह करता येत होतं! कॉम्प्लेक्समध्ये निम्म्याहून जास्त घरं आपली. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. सगळ्या घरांत दिवसभर माझ्यासारखीच एकेक बाई असायची.

कॉम्प्लेक्सच्या दारातच सहा लेनचा रस्ता. पलीकडे इंडियन ग्रोसरी, लायब्ररी आणि मुलांचा डॉक्टर, अलीकडे आम्ही. सिग्नल चालत वीस मिनिटांवर, आणि अर्ध्या वाटेत फुटपाथच संपायचा. मग आम्ही काय करायचो? गाड्यांमध्ये जरा फट दिसली की स्ट्रोलर ढकलत मधल्या गवतापर्यंत पळायचो, तिथे श्वास घ्यायचो आणि पुन्हा पळायचो. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी जीव मुठीत. रोजचंच झालं होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही.

ऑक्टोबरात एकदा मी अशीच त्या मधल्या गवतावर अडकले. मुलगी रडतेय, पिशवी फाटलीय, गाड्या थांबायचं नाव घेत नाहीत. तेवढ्यात एक जुनाट पिकअप ट्रक भर रस्त्यात थांबला, त्याचे दिवे लुकलुकायला लागले आणि त्यातून एक सत्तरीची उंच बाई उतरली. तिनं सरळ दोन्ही हात पसरून तिन्ही लेन अडवल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ. मला पलीकडे पोचवलं आणि मग माझ्यावर अशी काही खेकसली! लेकराला घेऊन कुणी असा रस्ता ओलांडतं का, अक्कल आहे का, वगैरे. मी काय ऐकून घेते? मी माझ्या इंग्रजीत तिला म्हटलं, “मग काय उडत जाऊ? सिग्नल कुठाय तुमच्या गावात?”

ती उजव्या कानामागे हात धरून म्हणाली, “मोठ्यानं. या कानानं ऐकू येत नाही.”

मी तेच पुन्हा ओरडून सांगितलं. ती हसायला लागली. तीस वर्षं तिनं गावात स्कूल बस चालवली होती. पोरांच्या आरडाओरड्यानं उजवा कान गेला, असं ती सांगायची. आमच्या मागच्याच बाजूला, पेकानच्या झाडाखालच्या विटांच्या घरात ती एकटी राहायची. त्यानंतर ती आमच्याकडे चहाला यायला लागली. आलं घालून उकळलेला चहा पहिल्यांदा तिला औषधासारखा लागला, दुसऱ्यांदा तिनं स्वतःच मागितला. मला त्या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं आणि माझ्या घराची बेल वाजवणारं, पार्सलवाला सोडला तर, ती पहिलं अमेरिकन माणूस. मला तिचा फार लळा लागला, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नाताळाच्या आसपास ती म्हणाली, “मी सिटी कौन्सिलला उभी राहतेय. त्या रस्त्यावर सिग्नल आणि क्रॉसिंग पाहिजे, एवढ्या एकाच गोष्टीसाठी.”

मला तर उकळ्याच फुटल्या. निवडणूक म्हणजे माझ्या आवडीचा विषय. आमचे वडील शाळामास्तर, दर निवडणुकीला त्यांना ड्युटी लागायची. आणि मामा एकदा नगरपालिकेला उभा होता, तेव्हा आम्ही पोरं रिक्षाच्या मागे पळत कागदाचे बिल्ले गोळा करायचो. मी तिच्यावर प्रश्नांचा भडिमार केला. चिन्ह काय? म्हणाली, चिन्ह नसतं. पक्ष कुठला? गावच्या निवडणुकीत पक्ष नसतो. मग लोक कशावर शिक्का मारतात? नावावर. सभा कुठे? कुणाच्या तरी अंगणात. लाउडस्पीकर? ती हबकून म्हणाली, “पोलीस येतील!” हात्तिच्या, म्हटलं, ही निवडणूक आहे का बारसं?

पण जशी जशी मी तिच्याबरोबर हिंडायला लागले, तशी मला त्यात भारी गंमत वाटायला लागली. उमेदवार स्वतःच हातोडी घेऊन लोकांच्या हिरवळीवर पाट्या ठोकतो, आणि त्याआधी घरमालकाला विचारतो! मी पाट्या धरायची, ती ठोकायची, मुलगी स्ट्रोलरमध्ये बसून टाळ्या वाजवायची. तिच्या विरुद्ध एक चाळिशीतला, घरं विकणारा गृहस्थ उभा होता. एकदा दोघं ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये समोरासमोर आले. मला वाटलं, आता बाचाबाची होणार. तर हिनं त्याला त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. तो गेल्यावर मला म्हणाली, “माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसायचा. दर सोमवारी उलटी करायचा.” आमच्या मामाच्या विरोधकाशी मामी अजूनही बोलत नाही.

तिची एक वही होती. तिच्यात गल्लीनुसार घरं लिहिलेली, आणि घरापुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा प्रश्नचिन्ह. दार वाजवायचं, दोन मिनिटं बोलायचं, पायऱ्या उतरल्या की लगेच खूण करायची. मी विचारलं, “लोक तोंडावर ‘नाही’ म्हणतात?” ती म्हणाली, “म्हणतात की. म्हणून तर त्यांच्या ‘हो’ला किंमत.” तेव्हा ते वाक्य माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. क्लबहाऊस घ्यायचं, सगळ्या बायकांना बोलवायचं, असं दरवर्षी ठरलेलं. आणि मला सुचलं, बाईलाही बोलवू. उंबरे झिजवत बसण्यापेक्षा एका दुपारी सगळ्या बायका एकत्र भेटतील. सिग्नल हवाय तो या बायकांनाच. झालं! कल्पना माझी, उत्साह माझा, आणि घोळही माझाच.

ती आली ती निळा फुलाफुलांचा ड्रेस घालून, हातात लेमन केकचा डबा. दोघी-तिघींनी कुजबुज केली की तिचा नवरा गेलेला आहे ना, मग कुंकू कसं लावायचं? माझं डोकंच सटकलं. म्हटलं, “सात समुद्र ओलांडून आलात, आणि हे गाठोडं काखेत मारूनच आलात का?” आमच्यात वयानं मोठ्या एक काकू होत्या, नागपूरच्या. तीसेक वर्षं अमेरिकेत, मुलगी इथेच जन्मलेली, इथेच वकील झालेली. काकूंनी कुणाला काही न विचारता बाईच्या कपाळावर हळदीकुंकू टेकवलं आणि म्हणाल्या, “बसा बाप्पा निवांत.” बाईला त्यातलं ‘बसा’ बरोबर कळलं.

तिळगूळ झाला. उखाणे झाले. उखाणा म्हणजे काय ते तिला समजावल्यावर तिनं स्वतःच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन इंग्रजीत दोन ओळी जुळवल्या आणि सगळ्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाण म्हणून तिला चहाची गाळणी मिळाली. मग ती उठून उभी राहिली आणि रस्त्याबद्दल बोलली. फार नाही, पाचेक मिनिटं. तीस वर्षांत बसमधून तिनं त्या रस्त्यावर काय काय पाहिलं, ते सांगितलं. दोघींनी डोळे पुसले. शेवटी तिनं वही फिरवली आणि म्हणाली, “माझ्या पाठीशी असाल तर नाव आणि अपार्टमेंट नंबर लिहा.”

चौतीस बायकांनी लिहिलं. प्रत्येकीनं तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, “येस, येस, शुअर!” आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला, त्यातून हळदीकुंकवाला आलेल्या म्हाताऱ्या बाईला, ‘नाही’ म्हणतात का? मामाच्या निवडणुकीत आमच्या गल्लीनं सहाही उमेदवारांना चहा पाजून सहाही जणांना ‘आमचं मत तुम्हालाच’ असं सांगितलं होतं. सहाही उमेदवारांना त्याचा अर्थ ठाऊक होता. ते चहा पिऊन पुढच्या घरी जायचे.

तिला तो ठाऊक नव्हता. त्या चौतीस जणींतल्या तेहतीस जणी, माझ्यासकट, नवऱ्याच्या व्हिसावर होत्या. मत फक्त काकूंना होतं.

खरं सांगते, त्या दिवशी माझ्या डोक्यात हे आलंच नाही. मला वाटलं, तिला माहीत असेल. एवढं गाव फिरलेली बाई, तिला एवढं कळत नसेल? आणि तिला वाटलं, घरं आहेत, गाड्या आहेत, टॅक्स भरतात, म्हणजे मतंही असणार. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इथपर्यंत मी स्वतःला माफ करते.

मार्चमध्ये ती कार्डांचा गठ्ठा घेऊन आली. “मतदार नोंदणीची कार्डं आहेत. अपार्टमेंटातली माणसं सारखी बदलतात, सिटीच्या यादीवर भरवसा नको. तुझ्या बायकांकडून भरून घे आणि पोस्टात टाक.” ती गेल्यावर मी एक कार्ड वाचलं. पहिलाच प्रश्न होता, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? बाईनं आम्हाला मतांत धरलंय. एकेकीला, नंबरासकट.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. तो पांढराफटक पडला. “हे भरायचं नाही हां! व्हिसा जाईल, घरी पाठवतील. तू तिला सांगून टाक ना यार, मत नाहीये आपल्याला.”

“सांगते,” मी म्हटलं.

कार्डं मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवली, लाटण्याखाली. दुसऱ्या दिवशी ती चहाला आली तेव्हा सांगणारच होते. पण आल्या आल्या ती म्हणाली, “काल मुलाशी बोलले. तो म्हणतो, आई, तू हरणार. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे चौतीस बायका आहेत!” आणि अशी हसली की माझं तोंड शिवल्यासारखं झालं. तिनं विचारलं, “कार्डं कुठवर आली?” मी म्हटलं, “होतंय, होतंय.”

का नाही सांगितलं? मी हे स्वतःला किती वेळा विचारलंय. भीड पडली, हे तर झालंच. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि ते जास्त लाजिरवाणं आहे. मला भीती वाटली, की मत नसलेल्या बाईकडे ती चहाला कशाला येईल? ती भेटेपर्यंतच्या दीड वर्षात मला कुणी विचारलं नव्हतं. ती माझं मत विचारायची, माझा सल्ला घ्यायची, लोकांना ‘ही माझी कॅम्पेन मॅनेजर’ अशी ओळख करून द्यायची. ते सोडायला मी तयार नव्हते. एकटेपणानं माणूस लबाड होतं, निदान मी झाले.

एप्रिल सगळा असाच गेला. ती विचारायची, मी ‘हो हो’ म्हणायची. काकूंनी एकदा मला लायब्ररीत गाठलं. “काहून गं, तिला सांगितलंस का नाही? ती मला म्हणत होती, तुमचे चौतीस पक्के आहेत म्हणून!” मी म्हटलं, “सांगते काकू, या आठवड्यात.” काकू पुस्तकं उचलून निघून गेल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ती निघाली. मला वाटलं, ती तळ्यामागच्या गल्लीत जाईल. तिथे सगळी निवृत्त माणसं राहायची, आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे ती गल्ली कधी मतदान चुकवत नसे. तिच्या वहीत तिथल्या घरांपुढे अजून सगळी प्रश्नचिन्हंच होती. पण ती आली आमच्या कॉम्प्लेक्समध्ये. म्हणाली, “आपल्या माणसांना गृहीत धरायचं नाही. आधी त्यांना आठवण करायची.” उन्हात चौतीस दारं तिनं एकटीनं वाजवली. प्रत्येक घरात तिला चहा मिळाला, चिवडा मिळाला, ‘नक्की, नक्की’ मिळालं. पाचव्या घरानंतर तिला चहा जाईना, तरी ती प्यायली. दुपारी माझ्या सोफ्यावर पाय वर करून बसली, तिचे घोटे सुजले होते. मी तिला पाणी दिलं. तेव्हा सांगितलं असतं, तर तळ्यामागची गल्ली अजून हातात होती, सूर्य मावळायला पाच तास होते. मी म्हटलं, “दमलीस ना? आज आता कुठे जाऊ नकोस.”

मतदान शनिवारी होतं, प्राथमिक शाळेच्या जिममध्ये. शनिवारी! लोक मुलांच्या फुटबॉलच्या मॅचवरून येता येता मत टाकून जात होते. ना रांग, ना पोलीस, ना बोटाला शाई. शाईऐवजी शर्टाला एक स्टिकर. दारापासून शंभर फुटांवर खूण केलेली, उमेदवारानं तिच्या पलीकडे जायचं नाही. त्या खुणेबाहेर बाई छत्री घेऊन खुर्चीत बसली होती आणि शेजारी मी. एरवी मी तिथे काय काय बघत बसले असते. त्या दिवशी मला फक्त तिचं घड्याळ दिसत होतं.

दहा वाजता तिनं विचारलं, “तुझ्या बायका कधी येतात?” मी म्हटलं, “येतील, स्वयंपाक उरकून.” दोन वाजता विचारलं. “येतील, मुलं झोपली असतील.” चार वाजता काकू आल्या, इरकली नेसून, मुलीच्या गाडीतून. आत गेल्या, पाच मिनिटांत पदराला स्टिकर लावून बाहेर आल्या. बाई खुर्चीतून उठली. “पहिली आली!” ती आनंदानं ओरडली आणि काकूंच्या गळ्यात पडली. काकूंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तरीही मी बोलले नाही. सात वाजता जिमचं दार बंद झालं.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. एकोणीस मतांनी हरली होती. आवाज शांत होता. म्हणाली, “तुझ्या बायकांना काही अडचण आली का? यादीत मला काकूंचंच नाव सापडतंय.”

मी ड्रॉवरमधली कार्डं काढली, मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. मी गठ्ठा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. व्हिसा, नागरिक, ड्रॉवर, सगळं. रडत रडत सांगितलं, त्यामुळे निम्मं तिला ऐकूच गेलं नाही.

तिनं वही उघडली. पेन्सिल घेतली. हळदीकुंकवाच्या पानावर बोट ठेवून पहिलं नाव वाचलं आणि विचारलं, “हिला मत आहे?”

“नाही,” मी म्हटलं.

“मोठ्यानं.”

“नाही!”

तिनं त्या नावापुढचा ‘हो’ खोडला. दुसरं नाव वाचलं. आमच्या मराठी नावांची ती नेहमीसारखी चिरफाड करत होती, पण हसत नव्हती. “हिला?” “नाही.” “हिला?” “नाही.” असं बत्तीस वेळा. काकूंच्या नावापाशी मी ‘हो’ म्हटलं, तेव्हा तिनं त्याच्याभोवती गोल केला. सगळ्यात शेवटी माझं नाव होतं. तेही तिनं विचारलं. तेही मी सांगितलं.

मग तिनं पेन्सिल खाली ठेवली. “तू मला जानेवारीत सांगितलं असतंस तरी मी त्या पार्टीला आले असते,” ती म्हणाली. “चहालाही आले असते. रोज. फक्त त्या शुक्रवारी मी तळ्यामागे गेले असते.”

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्या माणसांशी बोलता येतं. मी घरी आले. नंतरचे चार महिने ती चहाला आली नाही. रस्ता तिथेच होता, आम्ही पळत होतो. एकदा मधल्या गवतावरून मला तिचा ट्रक दिसला. तिनं दिवे लावून गाड्या थांबवल्या, मी पलीकडे गेले, ती काचेतून हात न करता निघून गेली. त्या दिवशी मी ग्रोसरीत न जाता बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

सप्टेंबरात फोन वाजला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कौन्सिलची मीटिंग आहे. शेवटी कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. मत आहे का, असं तिथे विचारत नाहीत, फक्त नाव आणि पत्ता विचारतात. तू येणार का? आणि हो म्हणायच्या आधी विचार कर.”

मी विचार केला. मग म्हटलं, “येणार.”

नवरा मुलीला सांभाळत घरी थांबला. काकू आल्या, आणि त्या चौतीस जणींतल्या अकराजणी, काही तर स्ट्रोलर घेऊन. बाई तिसऱ्या रांगेत बसली होती, तीच निळी फुलं. मी तिच्याजवळ गेले नाही, तिनंही बोलावलं नाही. वर अर्धगोल टेबलामागे कौन्सिलची माणसं होती. त्यांत दर सोमवारी उलटी करणारा तो गृहस्थही होता, निवडून आलेला. माझं नाव पुकारलं. माइक माझ्या उंचीपेक्षा वर होता, तो खाली ओढताना कर्रकन आवाज झाला. शेजारी तीन मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं.

रस्ता, स्ट्रोलर, फाटलेली पिशवी, सगळं मी घरी कागदावर लिहून नेलं होतं. पण ते वाचायच्या आधी मला एक दुसरं वाक्य बोलायचं होतं, जानेवारीपासून राहिलेलं. ते बोलताना माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच कसाबसा ऐकू आला. “मला तुमच्यापैकी कुणालाही मत देता येत नाही.”

तिसऱ्या रांगेतून तिचा आवाज आला, “मोठ्यानं!”

मी मान वर केली, माइक आणखी जवळ ओढला आणि मोठ्यानं सांगितलं.